आधी रक्त, मग सुपारी

प्रिय आत्या,

उद्या तुझ्या-माझ्या माहेरी, डोंगरकड्याला, सुपारी फुटणार आहे. माझी धाकटी बहीण रेखा आणि तुझा धाकटा सचिन. जाताना तू बाबांचा हात धरून म्हणालीस, "दादा, दुसरी पोर बी माझ्याच घरात दे." मेलेल्या माणसाचा शब्द म्हणून सगळे तयार. मी एकटी आडवी आले, तर माझ्याशी कुणी बोलेना. म्हटलं, मग तुझ्याशीच बोलावं.

"भावाच्या पोरीवर माझा हक्क हाय," म्हणत तू मला तुझ्या थोरल्याला, उत्तमला, करून घेतलंस. मला कोण आनंद! सासू म्हणजे आपली आत्या. लहानपणी माझ्या उवा काढणारी, बाजारातून बांगड्या आणणारी. जाच कशाचा होणार होता?

तनूच्या वेळी सातव्या महिन्यात वसमतला सोनोग्राफी झाली, आठवतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेकराच्या डोक्याची वाढ मागे पडली आहे, नांदेडला मोठी तपासणी करा. तू मला दंडाला धरून बाहेर आणलंस. "डोक्याचं माप काय घेऊन राहिली, टोपी शिवायची हाय का तिला?" बसस्टँडवर आपण उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. नांदेडला कुणी नेलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. आई रोज तनूला तेल लावून न्हाऊ घालायची, डोकं हळूहळू चेपायची. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्याच हाताखालून गेलेली. आणि बारशाला, भरल्या मांडवात, तू काय बोललीस? "वैनीनं चेपून चेपून माझ्या नातीचं डोकं आटवलं."

काहून, आत्या? डॉक्टरीणबाईंचं तू तुझ्या कानांनी ऐकलं होतंस. आईचा हात लागायच्या आधी, पोटातच डोकं मागे पडलं होतं. मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मला ठावं हाय. पण चारचौघांत बहिणीला खोटं पाडायचं न्हाई." बायकोचं काय, ती ऐकून घेते. तेव्हापासून आईनं कुणाच्याच लेकराला हात लावलेला नाही.

तनू आता सहा वर्षांची आहे. बोलत नाही, माझ्याच हातानं खाते. लोकांना डोकं दिसू नये म्हणून तू तिला भर उन्हाळ्यात टोपडं घालून ठेवायचीस. जीव लावलास तिला, खोटं कशाला बोलू? पण तिचं रक्त तपासू दिलं नाहीस. "सुया टोचून घराण्याची कुंडली काढायची का?"

काढली. तू गेल्यावर मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तनूचं, उत्तमचं आणि माझं रक्त नांदेडला दिलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. हा दोष एकाच बाजूनं आला तर काही होत नाही, दोन्हीकडून आला तर डोकं वाढत नाही. आम्हा दोघांत दोष अगदी एकच निघाला; उत्तमला तो तुझ्याकडून आला, मला बाबांकडून. म्हणजे तुम्हा भावाबहिणीच्याच घरातून. माझ्या आईचा त्यात काडीचा संबंध नाही.

मग पोटातलं पाणी काढून या बाळाचं तपासलं. याला एकाच बाजूनं आला आहे. डोकं नीट वाढेल म्हणतात. तनूच्या वेळी असंच आधी कळलं असतं, तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. पण आईच्या माथी तरी कुणी खापर फोडलं नसतं.

आता रेखा. मी एवढंच म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा. बाबा उसळले, "मेलेल्या बहिणीचा शब्द तपासायचा का?" रेखाला सचिन आवडतो. ती म्हणाली, "तुझं असं झालं म्हणून माझं मोडती का?" आई भाकरी थापत राहिली.

म्हणून तुला सांगून ठेवते. उद्या बैठक बसली की ताटातली सुपारी मी उचलणार. आधी रक्त, मग सुपारी. बाबांनी घराबाहेर काढलं तरी चालेल. बारशाला आलेली माणसंच उद्या येणार आहेत. त्यांच्यापुढे आईला बसवीन आणि वसमतला आपण दोघींनी काय ऐकलं होतं ते सांगीन. तुला चारचौघांत खोटं पाडीन, आत्या. हा माझा शब्द.

तुझ्या वैनीची पोर,
वर्षा