आत्याचा रोजचा डबा

विंडहोक, गुरुवार, १२ जून २०२५
सकाळी ७.१०, संग्रहालयाच्या कोठाराच्या पायरीवर

ती. आत्यास सा. न.

हातमोजे घालूनच लिहितोय, अक्षराला हसू नकोस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ओकाकाराराच्या बसड्रायव्हरकडे देतोय.

आत्या, आधी कमरेचा सुगंधी चूर्णाचा डबा सोडून लांब ठेव! काल संग्रहालयात जर्मनीहून आलेला पणजीच्या काळचा डबा दाखवला, तेव्हा जुळतो का बघायला तू तुझा रोजचा शेजारी ठेवलास. दोन्ही कासवाच्या पाठीचे, दोन्हींना चामड्याच्या वाद्या. निघताना सवयीने भलताच बांधलास. काचेत तुझा बसलाय, आणि संचालकबाई काचेला नाक लावून म्हणतात, शंभर वर्षांनीही चूर्णाचा काय हा सुगंध!

जुन्याला कीड लागू नये म्हणून तिकडे विष चोपडलंय. त्यात चूर्ण भरू नकोस, हुंगू नकोस. शनिवारी प्रदर्शन उघडतंय. तोवर डबा आला नाही तर माझी नोकरी गेली.

नोकरी गेली तरी लोभ असू दे.

तुझा वेतारुहे


ओकाकारारा, गुरुवार संध्याकाळ

चि. वेतारुहेस अ. उ. आ.

कंबर हलकी लागली, तेव्हा वाटेतच कळलं होतं. गाडी वळव म्हटलं, तर ड्रायव्हर म्हणाला, आजी, आधी टोपीची ही कापडी शिंगं खाली घ्या, आरसा दिसत नाही. म्हटलं जाऊ दे, डब्याबरोबर पणजीच घरी आली, तेवढंच तिचं माहेरपण. पूर्वजांच्या अग्नीपाशी बसवलं, त्यांना तिचं नाव सांगितलं. काकांनी रीतीप्रमाणे तोंडात पाणी घेऊन तिच्यावर फवारलं. तुझं विषाचं पत्र नंतर आलं. काका अजून चुळा भरताहेत. ठणठणीत आहेत.

उद्याच्या बसने पाठवते. पण काल तू म्हणालास, तो डबा जर्मनांनी परत दिलेला नाही, तीन वर्षांसाठी उसना आहे. आपलीच वस्तू आपल्याला उसनी? मग माझाही तिच्या शेजारी ठेव, आणि खाली लिही: आत्याकडून उसना, तीन वर्षं, पुढचं पुढे बघू.

जेवत जा. माया आहेच.

आत्या


विंडहोक, शनिवार, १४ जून

ती. आत्यास सा. न.

डबा पोचला, तुझ्या चार परकरांत गुंडाळलेला. पाण्याचे डाग बघून बाईंनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्या खाली बसल्या, मग हसत सुटल्या. नोकरी आहे.

डबा धाडणाऱ्या संग्रहालयाचे जर्मन पाहुणे दोन्ही डब्यांपाशी वाकले, तुझी पाटी दोनदा वाचली आणि कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, आत्या खरंच परत मागतील? म्हटलं, उसन्याच्या बाबतीत ती फार कडक आहे. मग त्यांनी पणजीच्या डब्याखालच्या पाटीवरच्या 'उसना' शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा खोडता येतो का, घरी गेल्यावर विचारतो.

मी खिशातलं खोडरबर त्यांना देऊन टाकलं.

काकांना नमस्कार.

तुझा वेतारुहे