डब्यातली पांढरी गोळी

डोंबिवली पूर्व,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. साईनाथ,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या वॉर्डात फोन चालत नाही आणि रविवारच्या भेटीत तुझ्यासमोर माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी ठीक आहे. पाणी अजून एक दिवसाआडच येतंय. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना मध्ये बसते. तुझी योगाची चटई ऊन दाखवून गुंडाळून ठेवली आहे. शेजारचं मांजर तिच्यावर टपलेलं असतं, त्याला रोज हाकलते. तेवढाच माझा व्यायाम.

परवा योगकेंद्रातले महिपत सर भेटले. वर्गात तुझ्या जागेवर अजून कोणाला बसवलेलं नाही म्हणाले. पण केंद्राचा नियम आहे, मनाने गोळ्या बंद करणाऱ्याला वर्गात परत घेत नाहीत. सर तरी काय करणार? डॉक्टरांनी पाठवलेली तुम्ही सगळी माणसं, आजार मोठे. म्हणून ओंकाराच्या आधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचे, "गोळ्या घेतल्या?" जोरजोरात श्वास नाही, शवासनात डोळे मिटायची सक्ती नाही. "आसनं औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाहीत," हे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं होतं.

पाठ होतं रे. तरीही.

मागच्या वर्षी तू किती सुधारलास. एकटा जाऊन भाजी आणायला लागलास. आवाज यायला लागले की ताडासनात उभा राहायचास, पावलं लादीवर दाबायचास आणि म्हणायचास, "येऊ देत ताई. मी उभा आहे ना." मला वाटलं, सुटलो आपण. राहिले होते ते गोळीने थरथरणारे तुझे हात. चहा बशीत सांडायचा. वृक्षासनात सगळ्या वर्गात तू एकटा भिंत धरून असायचास. ते मला बघवेना. आणि खरं सांगू का, मी दमले होते. सतरा वर्षं तुझ्या हातावर गोळी ठेवायची आणि तू गिळेपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं.

तर ऐक. दिवाळीनंतर मी तुझ्या गोळ्यांच्या डब्यातली जेवणानंतरची ती पांढरी गोळी काढून टाकली आणि तिच्या जागी माझी कॅल्शियमची ठेवायला लागले. दिसायला सारखीच. डॉक्टरांना विचारलं नाही. ते नको म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. तू सरांना "घेतल्या सर" म्हणायचास तेव्हा मी मागच्या खुर्चीत बसून पर्समध्ये काहीतरी शोधत असायचे.

डिसेंबरात तुझे हात थांबले. मी मनातल्या मनात किती खूश होते. जानेवारीत तू खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलीस, जेवण सोडलंस, मग मला ओळखेनास.

अ‍ॅडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? तू म्हणालास, "एकपण नाही. ताईला विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग कागदावर लिहिलं गेलं की पेशंटने गोळ्या बंद केल्या.

गेल्या रविवारी तू जरा थाऱ्यावर आला होतास. हळूच विचारलंस, "ताई, मी घेतलेल्या ना गं? की ते पण माझ्या डोक्यातलंच?"

आणि मी म्हणाले, "नीट आठव."

गोळी बदलली ती वेड्या आशेने बदलली. पण हे दोन शब्द मी पूर्ण शुद्धीत बोलले. त्याची मला लाज वाटते, साईनाथ.

उद्या दहा वाजता डॉक्टरांना भेटून सगळं सांगणार आहे. कागदावरचं ते वाक्य खोडायला लावणार आणि तिथून महिपत सरांकडे जाणार. तुझी जागा गेली तर ती माझ्यामुळे जाईल, हे त्यांना कळायला हवं. हे पत्र मात्र आधी तुझ्या हातात पडावं म्हणून आत्ताच जिना उतरून वॉर्डाच्या सिस्टरकडे द्यायला निघते आहे.

घरी आलास की डबा तुझा तू भर, पाकिटावरचं नाव वाचून. पुन्हा माझ्या हातून गोळी घे, असं मी म्हणणार नाही.

तू रोज घेतल्यास. एकही चुकवली नाहीस. हे तुझ्या डोक्यातलं नाही. पत्र जवळ ठेव, शंका आली की काढून वाच.

जिला विचारा म्हणालास ती,
तुझी कांताताई