वाइनच्या रंगाचे शब्द

११ फेब्रुवारी १९९६

पुन्हा खोडलं! 'त्रूब्ल'चं मी 'क्लाउडी' केलं होतं — वाइन गढूळ असली की फ्रेंच लोक तो शब्द वापरतात. चिंतामणी सरांनी लाल पेनानं 'ट्रबल्ड' केलं. वाइनला कसला त्रास? त्रास मला आहे. आणि 'रोब' म्हणजे वाइनचा रंग, तिचं एकूण रूप — त्याचं केलं 'ड्रेस'. घाला वाइनला झगा.

म्हटलं, सर, शब्दकोश बघा. तर म्हणे, "रुख्मिणी, मी दोन वर्षं फ्रान्समध्ये काढली आहेत." काढली. तीस वर्षांपूर्वी, रसायनशास्त्र शिकायला. मी हैदराबादला शिष्यवृत्तीवर फ्रेंचचं एम.ए. केलं ते काय आदिलाबादच्या कॉलेजात पोरांना इंग्रजीचे धडे वाचून दाखवायला?

काम त्यांच्या ओळखीनं आलं हे खरं. पुण्याच्या एका हॉटेल-शिक्षण संस्थेला फ्रेंच पुस्तक इंग्रजीत हवंय — वाइन कशी बघावी, हुंगावी, चाखावी. पहिलं प्रकरण नुसतं बघण्याचं. आणलं त्यांनी, करतेय मी, पाच महिने रोज त्यांच्या घरी बसून. कव्हरवर दोघांची नावं असं पहिल्याच दिवशी कबूल केलंय. छापलेल्या पुस्तकावर नाव आमच्या घरात कुणाचं आलेलं नाही. म्हणून गप्प बसते.

१९ फेब्रुवारी

'ट्रबल्ड'चं परत 'क्लाउडी' केलं. शेवटची प्रत मीच लिहिते. बघू.

३ मार्च

बघितलं त्यांनी. परत ट्रबल्ड!

२४ मार्च

पुस्तकातल्या फ्रेंच माणसाच्या वाइन बघण्याच्या चार पायऱ्या — चकाकणारी, निवळ, धुरकट, गढूळ. दुसरी कुठं संपते आणि तिसरी कुठं सुरू होते ते डोळ्यापुढं येत नाही. कसं येणार? वाइन जन्मात पाहिली नाही. त्यात राज्यात दारूबंदी. ती व्हावी म्हणून आमच्या वस्तीतल्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या, आई सगळ्यांत पुढं.

मग काय, मिळेल ते बघते. करडईचं तेल, तुरटी फिरवलेलं पाणी, बाटल्यांत भरून खिडकीत ठेवलंय. आई बराच वेळ बघत होती.

"काय बघून राह्यली व त्या तेलात?"

"काम आहे."

"तेल बघाचीबी नौकरी असते काय?"

राग आला. आईचा नाही. सरांचा. फ्रान्समध्ये दोन वर्षं वाइन बघून आलेल्या माणसाला 'धुरकट' म्हणजे किती धुरकट ते विचारलं तर म्हणतात, अंदाजानं लिही.

१४ एप्रिल

जयंती. अध्यक्ष चिंतामणी सर. भाषण चांगलं झालं. टाळ्या मीही वाजवल्या.

२८ एप्रिल

पहिलं प्रकरण संपलं, कच्ची-पक्की धरून नव्वद पानं माझ्या अक्षरात — आणि सर म्हणतात, "कव्हरवर दोन नावं बरी दिसत नाहीत. प्रस्तावनेत तुझे आभार मानू. अगदी मनापासून."

मनापासून! मला भाजीच्या पिशव्या उचलून दिल्याबद्दल मानतात तसले आभार नकोत. म्हटलं, सर, तुम्ही शब्द दिला होता. ते हसले. "अगं, नावात काय आहे? ज्ञान महत्त्वाचं." मग स्वतःचं नाव काढा की! हे तिथं बोलायला हवं होतं. चपला घालताना सुचलं. माझं सगळं असंच, चपला घालताना सुचतं.

१२ मे

आज वाइन पाहिली.

सरांचा भाचा व्यंकटेश बेल्याकडून हद्द ओलांडून महाराष्ट्रातून लाल वाइनची बाटली घेऊन आला, मोटारसायकलच्या डिक्कीत टॉवेलात गुंडाळून. दार लावलं. सर एकदम तरुण झाले. मेजावर पांढरा कागद अंथरला, म्हणाले, "वाइन आधी डोळ्यांनी प्यायची. काच पाहिजे, काचेशिवाय वाइन बघणं म्हणजे अंधारात आरसा बघणं." बायकोला, वनमालाकाकूंना म्हणाले, "हिचा ग्लास आण."

हिचा ग्लास म्हणजे मला रोज चहा मिळतो तो. मी तिरपा धरला. मध्ये काळपट लाल, कडेला विटकरी. खरंच तशी कड होती, पुस्तकात लिहिली आहे तशी! प्रकरणाच्या पानावर धरला तर माझं अक्षर त्या लालीतून वाचता येत होतं. निवळ म्हणजे हे. दीड महिना तेल बघून जे कळलं नाही ते एका क्षणात कळलं. सर म्हणाले म्हणून हुंगली, ओठाला लावली. आंबट, तुरट.

मग ग्लास त्यांच्यापुढं धरला. "सर, तुम्ही बघा ना."

त्यांनी हात पुढं केला नाही. व्यंकटेश भिंतीकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "काचेचा दुसरा नाही घरात." सर म्हणाले, "असू दे, पेला आण." काकूंनी स्टीलचा पेला आणला. सरांनी त्यात वाइन ओतली — स्टीलच्या पेल्यात! — आणि आत डोकावून म्हणाले, "वा. रंग सुरेख आहे."

काय दिसलं असेल त्यात? काळं. नुसतं काळं.

मी उठले. काकू नेहमीसारख्याच गोड आवाजात म्हणाल्या, "धुऊन खिडकीत ठेव गं." आठ महिने मी तो धुऊन बाहेरच्या खिडकीत ठेवतेय. वाटायचं, पाहुण्यांचा ग्लास आहे. पाहुण्यांचा असता तर आत कपाटात असता. हे मला दिसत नव्हतं असं नाही. नाव छापून यायचं होतं, म्हणून मी बघितलं नाही. भयंकर चीड आली आहे. त्यांची, आणि माझीही.

१३ मे

गेले नाही.

२० मे

व्यंकटेश कॉलेजात आला. "मामा म्हणाले, कव्हरवर दोन्ही नावं येतील. उरलेली प्रकरणं करून द्या, पुण्याची घाई आहे." मान खाली घालूनच बोलत होता. विचारलं, आता काऊन? उत्तर मला माहीत आहे. माझ्याशिवाय एक पान पुढं सरकत नाही.

त्या माणसाच्या शेजारी माझं नाव? नको मला. उद्या कळवते — नाव नको, काम नको, पानं चुलीत घाला.

२१ मे

कळवायला निघाले होते. आईनं विचारलं, आठ दिवस जेवत काऊन नाहीस. मग सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"माह्या येळी काच नोयती," म्हणाली. "करवंटीत देत. वरतून."

कुठं?

"त्याच घरी. तुह्या सराची माय होती तवा. दोन वर्स शेन काडलं म्या तिथं."

मला हे आज कळलं. आठ महिने ती मला रोज आमच्या दारापर्यंत सोडायला येत होती. म्हटलं, आई, मग मला जाऊ कसं दिलंस? सांगितलं का नाहीस?

"सांगतलं असतं तं तू गेलीच नसती. मंग पुस्तकावर नाव कोनाचं आलं असतं?"