मुक्काम ताईकडे

सिटीवेस्ट, डब्लिन
१० ऑगस्ट २०२४

ती. सुलेखाताईस,
सा. न. वि. वि.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. शर्वाणीच्या मामेभावाशी तुझा घटस्फोट झाला आणि त्यात आपलं बोलणंही थांबलं, हे मला टोचतं गं. ऑक्टोबरअखेर स्वरालीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, आणि तीन नोव्हेंबरला भाऊबीज. मी, शर्वाणी आणि लेक अशा तिघांनी तुझ्याकडे लियाँला यावं म्हणतो.

अडचण एकच. इथलं रेसिडन्स कार्ड असलं तरी आपल्या पासपोर्टवर फ्रान्सला जायला व्हिसा लागतोच. गेल्या वर्षी एका देशाने ‘मुक्कामाचा पुरावा अपुरा’ म्हणून आमचा अर्ज परत केला. सख्ख्या बहिणीने ‘यांना मी घरी ठेवून घेईन’ असा तुमच्या नगरपालिकेचा दाखला दिला, की सगळं ग्रँड. मूळ कागद लागतो, तेव्हा पोस्टानेच पाठव. स्वराली तर आत्याकडे यायला आत्तापासून उड्या मारतेय.

आटलेला लोभ पुन्हा वाहू दे.
तुझा,
इंद्रनील

लियाँ
२९ ऑगस्ट २०२४

चि. इंद्रनील यास,
अनेक आशीर्वाद.

दाखला सोबत आहे. काउंटरवरच्या बाईंनी भाडेकरार तपासला, घराचं क्षेत्रफळ विचारलं, तिघं झोपणार कुठे तेही विचारलं. म्हटलं, माझी खोली त्यांना, मी बैठकीत. मग खरंच एक सोफा-बेड घेऊन आले. चाळिशीचा घोडा झालास, तरी तुझी अंथरुणं मीच घालायची! नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’ लिहिताना मला रडू फुटलं, त्या बाई बिचाऱ्या गोंधळून गेल्या.

शर्वाणीला सांग, जुनं काही मी उकरणार नाही. तिने नुसतं यावं. अर्जात माझ्याकडे सात रात्री दाखव, म्हणजे मुख्य मुक्काम इथलाच ठरेल. आठवी राहिलात तरी हाकलणार नाही. चकलीची भाजणी मी पॅरिसहून मागवली आहे.

तिघांना खूप माया.
सुलेखाताई

सिटीवेस्ट, डब्लिन
६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावली असशील. व्हिसा झाला, पण शर्वाणीचं मन ऐनवेळी तयार होईना. मग पॅरिस, डिस्नेलँड, दोन दिवस स्वित्झर्लंड असं करून परतलो. लियाँची गाडी बघितली होती, पण स्वराली फार दमली होती. तुझे फोन घ्यायचं धाडस झालं नाही.

एक विनंती. मे महिन्यात शर्वाणीचे आईबाबा पुण्याहून येतील. त्यांनाही फ्रान्स दाखवायचं आहे. तुझा दाखला असला की व्हिसा पटकन होतो, हे आता कळलंच आहे. त्यांच्या पासपोर्टच्या प्रती सोबत जोडतो.

समजून घेशील, तू मोठी आहेस.
इंद्रनील

लियाँ
१२ नोव्हेंबर २०२४

चि. इंद्रनील यास,
आशीर्वाद. तोंडातून शाप निघत नाही म्हणून.

तुझ्या सासूसासऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रती परत पाठवते आहे. गरज सरो, वैद्य मरो, हे ठाऊक होतं. पण मेलेल्या वैद्याकडे तू दुसरा रोगी पाठवतोस, याची मात्र कमाल आहे.

दाखल्यावर लिहिलेल्या सत्तावीस ऑक्टोबरला डब्लिनच्या विमानासाठी मी विमानतळावर दीड तास उभी होते. तुम्हाला अपघात झाला असेल अशी भीती वाटून तिथल्या माणसाकडे प्रवाशांची नावं विचारली. त्याने ती सांगितली नाहीत. दुसऱ्या दिवशी शर्वाणीच्या स्टेटसवर डिस्नेलँडचे फोटो दिसले, आणि तुम्ही सुखरूप आहात हे कळल्यावर मला आधी बरंच वाटलं. त्याची आता लाज वाटते.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते. मला भाऊ आहे, म्हणून मी तेही केलं नाही. संध्याकाळी तुमच्या घरच्या नंबरवर फोन केला. तो स्वरालीने उचलला, हे तिने तुला सांगितलेलं दिसत नाही. मी बाबांची ताई म्हटल्यावर पोर खूश झाली. मी मराठीत विचारायचं, तिने तिच्या आयरिश इंग्रजीत सांगायचं, असं दहा मिनिटं चाललं. पॅरिस फार आवडलं म्हणाली. मग तिने विचारलं, आत्या, तू कुठल्या देशात राहतेस?

म्हणजे शर्वाणीचं मन ऐनवेळी वगैरे काही फिरलं नव्हतं. माझ्याकडे यायचं तुझ्या घरात कधी निघालंच नव्हतं.

मी तिला म्हटलं, खूप लांब आहे गं, तुम्हाला यायला जमलं नसतं.

सुलेखा