खुंटीवरची वीणा

१२ ऑगस्ट

दुपारपासून कामात लक्ष नाही. लाज वाटतेय — दुसरं काय!

देवळात सप्ताह चालू आहे. सात दिवस देवाचं नाव अखंड चालायला हवं, मोडायचं नाही, वीणा खाली ठेवायची नाही — एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. दुपारचा पहारा आमच्या घराचा. दरवर्षी सासूबाई उभ्या राहायच्या. यंदा त्या खाटेवर. चार शब्द बोलल्या की धाप लागते. सकाळी म्हणाल्या, "माझ्या बदली तू ऱ्हव गो. नाव मोडा नको."

जोडीला वाडीतली सारिका होती. तिचं पोर तापलं म्हणून ती घरी गेली. मी एकटी! तेवढ्यात सावंतवाडीहून माझ्या बहिणीचा, आकांक्षाचा मेसेज — "ताई, दुकानात आहे, व्हिडिओ कॉल कर. साखरपुड्याची साडी!" आणि रेंज देवळामागच्या दगडी गडग्यापाशीच.

मग काय केलं मी? गेल्या वर्षी सप्ताहात रेकॉर्ड केलेलं नाव पेनड्राइव्हवर होतं, ते कर्ण्यावर लावलं. वीणा पुजारी धोंडूकाकांच्या छत्रीच्या खुंटीला अडकवली. आणि गेले! आकांक्षाचं चाललेलं, मोरपिशी घेऊ की डाळिंबी!

परत येते तर वीज गेलेली. कर्णा बंद. देऊळ गप्प. धावत जाऊन वीणा गळ्यात घातली, "जय जय राम कृष्ण हरी" सुरू केलं. किती वेळ नाव मोडलं, देव जाणे. कुणाला कळलं नाही एवढंच.

१३ ऑगस्ट

सासूबाईंचा आवाज बसलाय. "गरम पाणी दी गो." पावसाळी हवा, होणारच. पाणी दिलं, पण त्यांच्याकडे बघवेना.

१४ ऑगस्ट

शेजारच्या किशोरीवयनी आल्या होत्या. आमचं घर देवळाला लागून, त्यांचं आम्हाला. म्हणाल्या, "परवा लाइट गेली, कर्णो बंद पडलो, तेवा तुझी सासू खाटेर बसान केवढ्या मोठ्यान नाव घेय होती! परत तुझो आवाज ऐकाक येयपर्यंत थांबाक नाय."

चार शब्दांनी धाप लागते त्या बाईला! आणि मी तिकडे साडीचा काठ बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ ऑगस्ट

पेज भरवत होते. सासूबाई म्हणाल्या, "कर्ण्यार माझोच आवाज होतो मा? गेल्या वर्षाचो."

"होय," म्हटलं, आणि पेज ढवळली.

एक घास गिळून — "वीणा जमनीर नाय मा ठेवलंस?"

"नाय. खुंटयेक लावलंय."

"बरा केलंस," म्हणाल्या, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.