तारांखालचा कापूस

मी, वेणू दयाराम घरत, वय वर्षे ७१, अविवाहित, राहणार रोडपाली, तालुका पनवेल, धंदा वाजवणे. वकीलसाहेबांनी कच्च्या कागदावर "घरकाम" लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कुणी भरीला घातलेलं नाही आणि खालचं सगळं राजीखुशीने लिहून देत आहे.

१. माझी वाद्ये: बेंजो दोन, मेंडोलिन, दिलरुबा, सारंगी आणि वडिलांचं तुणतुणं. ही सगळी माझ्या भावाची मुलगी पूर्वी हिला द्यावीत. तिला मी शिकवलंय, हात चांगला आहे. वाजवून झालं की तारा सैल करूनच ठेवायच्या, पूर्वी. शोभेला भिंतीवर टांगलीस तर तुझं माझं नातं संपलं.

२. बँकेत जे काही असेल तेही तिचंच.

३. माझा धाकटा भाऊ इंद्रजीत याच्याविषयी. हळदीला बेंजो वाजवायच्या सुपाऱ्या त्याच्या नावाने यायच्या. त्याला रूप होतं, बोलणं होतं, वाजवणारी बोटं नव्हती. पहिल्याच सुपारीला म्हणाला, "बाय, बाई वाजवते म्हनल्यावर आपल्याला कोन बोलावनार हाय? तू मांडवामागं टेम्पोत बस, मी पुढं बसतो." त्याच्या बेंजोच्या तारांखाली कापूस कोंबलेला असायचा आणि माईक टेम्पोत माझ्या बेंजोपाशी. मूर्ख मी. वाटलं, एक-दोन हंगाम. बावीस वर्षं बसले. कॅसेटींवरसुद्धा "इंद्रजीत आणि पार्टी", फोटो त्याचा.

एवढंही गिळलं असतं. पण गेल्या वर्षी त्याचा सत्कार झाला, तेव्हा अंगावर शाल घेऊन तो म्हणाला, "बहिणीने घर सांभाळलं म्हणून मी वाजवू शकलो." मी तिसऱ्या रांगेत होते. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणतो, "आता या वयात नाव काय करायचं हाय तुला, बाय?"

मला हवंय.

४. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. इंद्रजीतचा त्यावर डोळा आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मिळेल. माझ्या बाराव्याला त्याने जमलेल्या लोकांसमोर एकट्याने बेंजो वाजवावा, एक चाल पुरे. नाहीतर उभं राहून सांगावं, की वाजवणारी वेणू होती. दोन्हीपैकी काहीच केलं नाही, तर घरही पूर्वीला जावं.

मी त्याला ओळखते. घर सोडील, पण बोलणार नाही. म्हणून त्या दिवशी पानं वाढण्याआधी पूर्वीने हे मृत्युपत्र सगळ्यांदेखत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावं. पूर्वी, तुझा बाप आहे तो, कळतं मला. माझाही भाऊच आहे. तरी वाच.

ठिकाण: पनवेल
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

सही: वेणू दयाराम घरत

आमच्यादेखत वाचून, समजून सही केली:
१. बथशेबा अवीव नवगावकर, निवृत्त शिक्षिका, पनवेल
२. जीवन तुळशीराम कडू, मासळीचा धंदा, मोरा