मामांचं बटण

३ मार्च
हात दुखतायत, तरी लिहिणार. आज सैन्याच्या छावणीत संगीन दिली— बंदुकीच्या टोकाला लावायचं हातभर पातं. मैदानाच्या कडेला पेंढा भरलेली पोत्याची माणसं टांगलीत, अंगात जुने सदरे. ओरडत धावायचं, भोसकायचं, पिरगाळायचं, उपसायचं. शिकवणारे उस्ताद म्हणतात, "दया आली की मेलात." मी भोसकलं आणि तोंडातून निघून गेलं— माफ करा! पोत्याला! निघताना बाबा एवढंच म्हणाले होते, "जशी जातेयस तशीच परत ये." शिंपी माणूस. माप घेतल्यासारखे बघत होते.

५ मार्च
इथली पद्धत झकास आहे. दिवसभर जी तुकडी पोती फाडते तिनेच संध्याकाळी शिवायचं. शिंप्याची पोर म्हटल्यावर सगळं माझ्या गळ्यात. शेजारच्या खाटेवरची जाडी पेंढा कोंबते, मी टाचते. घरच्यासारखं वाटतं. मधल्या पोत्याचं नाव आम्ही मामा ठेवलं, पोट सुटलंय म्हणून.

९ मार्च
मामांचा सदरा सारखा उघडा पडतो. बरं दिसत नाही. माझ्या पिशवीतलं निळं बटण लावून दिलं.

१० मार्च
घोळ झाला. सकाळी सगळ्या पोरी डाव्या-उजव्या पोत्यांवर तुटून पडल्या, मामांकडे कोणी फिरकेना. जाडी तर त्यांच्यापर्यंत धावली, सदरा नीट करून परत आली. उस्तादांनी बटण पाहिलं. "हा काय जावई आहे का तुमचा? कोणी लावलं?" मी पुढे झाले. शिक्षा— मामांना पाठुंगळी घेऊन मैदानाला फेऱ्या, ते थांब म्हणेपर्यंत. पेंढा मानेत टोचत होता. कोपऱ्यावर पोरींनी मामांना सलाम ठोकला. मग काय, धावायचं की हसायचं तेच कळेना.

११ मार्च
उस्तादांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "हात चांगला आहे तुझा. पण मोठे साहेब परीक्षेला येतायत. त्या दिवशी कचरलीस तर घरी जाशील. सीमेवर कचरलीस तर तुझ्या शेजारची मरेल. ती जाडी."
पटलं. मला भोसकता यायला हवं आणि बाबांकडे तशीच परतायलाही हवं. एका अंगात हे दोन्ही कसं बसवायचं? बाबा म्हणतील, शिलाईत थोडं कापड सोडून ठेव, पुढे उसवून वाढवता येतं.

१२ मार्च
जाडीला सांगितलं, मी दर वेळी हळूच माफी मागते. म्हणाली, "बावळट, मीपण." चौकशी केली तर निम्मी तुकडी!

१५ मार्च
परीक्षा. साहेब लांब खुर्चीत. पहिल्या दोघी पुटपुटत धावल्या. उस्ताद खेकसले, "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? काय म्हणायचं ते बेंबीच्या देठापासून म्हणा." झालं. जाडीने मैदान दणाणून सोडलं— माफ करा मामा! आणि खसकन आत. मागोमाग सगळ्या. मीही. पातं बटणाच्या खाली सरळ गेलं, हात डळमळला नाही.
साहेब खूश. "काय त्वेष आहे! काय म्हणतायत या?" उस्ताद ताठ उभे. "या तुकडीची रणघोषणा आहे, साहेब."
सगळ्या पास. संध्याकाळी मी शिवत होते तर उस्ताद आले, मामांचं बटण ओढून पाहिलं. "घट्ट आहे," म्हणाले आणि गेले. आम्ही खाटांवर उड्या मारल्या. जाडीची खाट मोडली.

२ जून
सीमेवरची चौकी. आज समोर खरा माणूस आला. पहाटे, कुंपणाच्या आत, हातात बंदूक. मागे जाडी झोपलेली. मी धावले, जसं शिकवलं तसं, आणि घशातून तेच निघालं— माफ करा मामा! तो दचकून थिजला. बंदूक टाकून हात वर केले. पातं त्याच्या छातीपासून वीतभर होतं. थांबलं. मीच थांबवलं. त्याचा सदरा उघडा, वरचं बटण नव्हतं.

दुपारी त्याला मागच्या तळावर नेलं. त्याआधी बटण लावून दिलं. दोरा संपत आलाय, बाबांकडून मागवायला हवा.